पणजीची घंटा

पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिराच्या नागमोडी पायऱ्या चढताना प्रवाशाची दृष्टी प्रथम शुभ्र दर्शनी भागावर खिळते. माझी मात्र वर टांगलेल्या घंटेकडे लागली होती. येथे १५४१ साली लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले, १६१९ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. पण घंटा येथली नव्हे.

जुन्या गोव्यातील ऑगस्टीनियन मठाच्या कृपामातेच्या मंदिरात ती वाजत असे. १८३५ साली धर्मसंघांवर बंदी आली आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये मंदिराचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. आज उरला आहे तो जांभ्या दगडाचा अर्धा सुळका. त्यापूर्वीच घंटा आग्वादच्या दीपगृहात पोहोचली होती. भक्तांना बोलावणारी ती तीस वर्षे समुद्राच्या सोबतीला राहिली! १८७१ मध्ये ती पणजीस आली. से कॅथिड्रलची सोन्याची घंटा सोडली, तर गोव्यात एवढी मोठी दुसरी नाही.

आतली सोनेरी वेदीही सुंदरच आहे. परंतु वाचकहो, माझे मन तेथे रमेना. आमच्या गावच्या मंदिरातील जुनी लाकडी वेदी नव्या संगमरवरासाठी काढली गेली. तिच्या फळ्या पडवीत वाळवीच्या तोंडी पडल्या आहेत. त्या वेळी मीही होकार दिला होता.

इतक्यात सायंप्रार्थनेची घंटा झाली. पायऱ्यांवरील एका म्हातारीने क्रूसाची खूण केली. मीही उठलो.