डब्यातलं संगीत आणि नावांचे रकाने



या हिवाळ्यात आम्ही घरातले पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या सीड्यांचे संच संगणकावर चढवायला घेतले. आम्ही राहतो नेकारसुल्मला, नेकार आणि सुल्म या नद्या मिळतात तिथे. एनएसयू मोटारसायकलींना नाव मिळालं ते याच गावावरून. इथल्या जुन्या बाजारात चाळीस-चाळीस सीड्यांचे डबे कधीकधी अगदी स्वस्तात मिळतात, आणि मोह आवरत नाही.

सीडी उतरवणं सोपं. खरी कटकट पुढे. बहुतेक प्रोग्राम एक गाणं, एक गायक या हिशोबाने केलेले. सिंफनीत रचनाकार एक, संचालक दुसरा, वादकवृंद तिसरा, कधी एकल वादक चौथा. ‘कलाकार’ या एका रकान्यात कोणाला बसवायचं? प्रत्येक सीडीवर वेगळं नाव पडलं की एका डब्याचे तीस अल्बम होतात, आणि सीडीचा क्रमांक राहिला तर तीस ‘पहिल्या’ चाली एकाखाली एक येऊन बसतात. २०१८ साली बाखच्या जन्माला ३३३ वर्षं झाली म्हणून निघालेला ‘बाख ३३३’ हा संच २२२ सीड्यांचा आहे. तो आमच्याकडे नाही, आणि हे काम केल्यावर नसलेलाच बरा वाटतो.

शेवटी आम्ही डबा फोडला. डबा ही विक्रेत्याची सोय; ऐकणाऱ्याला हवी असते रचना. म्हणून अल्बमच्या जागी रचनेचं नाव, ‘अल्बम कलाकार’मध्ये रचनाकार, संचालक आणि वादक आपापल्या रकान्यात, आणि कुठल्या डब्यातली कितवी सीडी ते एका वेगळ्या रकान्यात. फाइली फ्लॅकमध्ये ठेवल्या. त्यात आवाज कापला जात नाही आणि हवे तितके रकाने स्वतः करता येतात.

मग आली नावं. जर्मन डब्यावर चायकोव्स्की टी-एसने सुरू होतो, इंग्लिश डब्यावर टी-सीने. संगणकाला ही दोन माणसं. हँडलच्या जर्मन नावावर दोन टिंबं होती, लंडनला स्थायिक झाल्यावर त्याने ती स्वतःच सोडली. हे वाचून आपल्या लोकांना हसू येईल. मुंबईत १७९६ साली आपली पहिली सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर आणि सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा एकच माणूस, हे आपल्याला ठाऊक. कोकणातल्या बोलीत अब्राहामचा आबाजी झाला, बेन्जामिनचा बन्नाजी. पुढे शाळेच्या दाखल्यात इंग्रजी रूप आलं, इस्राएलला गेल्यावर हिब्रू. वंशावळ लावणाऱ्याला हेच करावं लागतं: एक नाव मुख्य धरायचं आणि बाकीची टाकून न देता बाजूला नोंदवायची.

आणि नावच नसलं तर? आकाशवाणीची सकाळची धून आपल्या आईवडिलांना पाठ होती. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. कार्ल्सबादचे हे यहुदी संगीतकार १९३४ साली मुंबईला आले आणि पुढे रेडिओत युरोपीय संगीताचा विभाग सांभाळू लागले. धून रोज वाजायची, नाव कोणी सांगत नसे.

आमच्याकडे एक कॅसेट आहे. घरातल्या एका मेंदीला बायकांनी म्हटलेली गाणी, मध्येच एलियाहू हन्नाबीचं, मागे बांगड्या आणि भांडी. कव्हरवर फक्त ‘मेंदी’ लिहिलेलं. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीसाठी आम्ही चार गायकांची नावं शोधून भरली आणि आपल्याच बायकांच्या जागी ‘अज्ञात’ लिहायचं? म्हणून ‘गाणाऱ्या’ असा रकाना केला. रकान्याचं नाव रोमन अक्षरांतच चालतं, आतला मजकूर मात्र मराठीत राहतो. फाइल अश्दोदला मावशीला पाठवली. ती ८६ वर्षांची आहे, आणि तिच्याखेरीज हे आवाज ओळखणारं आता कोणी नाही.

तिने फोनवर तीनदा ऐकलं. “सुरुवात करते ती माझी आई,” म्हणाली, “आणि बेसूर आहे ती मी.” सातपैकी चार नावं भरली. पाचवा आवाज पेणच्या काकूंचा की त्यांच्या नणंदेचा, हे ठरवायला तिने शनिवारनंतर पुन्हा फोन करायला सांगितलंय.