रमाईच्या नावाचं घर आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या पायऱ्या



आपल्या चळवळीत शिक्षण, आरक्षण, अत्याचार, जमीन या प्रश्नांवर रात्र रात्र चर्चा होते. म्हातारपण हा मात्र आपण ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न मानतो. पोरगा चांगला निघाला तर आई सुखात, नाही तर तिचं नशीब. 'नशीब' हा शब्द बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या समाजाच्या तोंडी शोभत नाही, पण म्हाताऱ्यांचा विषय निघाला की तो हळूच येतो.

मी वस्त्यांमध्ये काम करतो. गेली दोन वर्षं एक गोष्ट वारंवार दिसते. घराच्या कुडाला घडी घातलेला वॉकर टेकवलेला असतो आणि त्यावर टॉवेल वाळत असतो. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, तर एकरकमी ३००० रुपये थेट खात्यावर. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरपट्टा घ्यायचा. योजना वाईट नाही. पण वॉकर घेऊन म्हातारी जाणार कुठे? घराला तीन पायऱ्या, त्याही एक नऊ इंचाची तर दुसरी अकरा इंचाची. संडास घराच्या मागे, त्याचा पत्र्याचा दरवाजा दोन फुटांचा. वॉकर त्यातून आत जात नाही. मग वॉकरवर टॉवेल वाळतो.

या पायऱ्या आल्या कुठून तेही बघा. आपल्या वस्त्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला. ही जागा आपण निवडलेली नाही, ती आपल्याला नेमून दिलेली होती. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून घरकुल बांधताना जोतं दोन-अडीच फूट वर उचलावं लागतं. मंजूर रकमेतून जोतं, भिंती आणि स्लॅब कसाबसा होतो. हप्ता मिळतो तो जोत्याचा, छज्जाचा, छताचा फोटो चढल्यावर. पायरीचा फोटो कुणी मागत नाही. म्हणून पायऱ्या शेवटी उरलेल्या दगडांच्या होतात. गावात पाटलाच्या वाड्यालाही जोतं असतं, पण तिथे पायऱ्या रुंद असतात आणि हात द्यायला माणूस असतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला वृद्धत्व हा वयाचा टप्पा म्हणून शिकवलं. वस्तीत कळलं की म्हातारपणालाही जात असते.

माझ्या आजीचं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात ती विशी-बाविशीची होती. रोजगार हमीच्या कामावर तिने खडी फोडली, डोक्यावरून पाट्या वाहिल्या. त्या पिढीच्या बायकांचे गुडघे साठीतच गेले. पुढे आजीच्या नावावर रमाई आवास योजनेतून घरकुल झालं आणि घरावर रमाईचं नाव आलं, याचा तिला फार अभिमान. तीन वर्षांपूर्वी पहाटे संडासला उठली आणि मागच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, महिनाभर मी आणि आईने आळीपाळीने उचललं. डॉक्टर म्हणाले, आता उकिडवं बसायचं नाही. घरातला संडास मात्र उकिडवं बसण्याचाच.

पायऱ्या आणि संडास दुरुस्तीसाठी काही मिळतं का, म्हणून मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या माणसाने ऑनलाइन यादी उघडली आणि म्हणाला, "यांचं नाव लाभार्थ्यांत आहे. एकदा लाभ घेतला की विषय संपला." त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. घरकुल हा त्यांच्यासाठी पूर्ण झालेला आकडा. त्या घरात राहणारं माणूस म्हातारं होतं, हे पोर्टलला माहीत नाही.

शेवटी आम्हीच केलं. मला वाटलं होतं उतार बांधू. पण नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. जोतं दोन फुटांचं, म्हणजे चोवीस फूट उतार. घरापुढे रस्त्यापर्यंत जागा सात फूट! (शहरातल्या पुस्तकी सल्ल्यांचं हेच होतं, त्यांनी वस्ती पाहिलेली नसते.) मग गवंडीकाकांनी मार्ग काढला. तीनच्या जागी पाच पायऱ्या, प्रत्येकी पाच इंचाच्या आत, पाऊल पूर्ण मावेल इतक्या रुंद. एका बाजूने लोखंडी पाइपचा कठडा. संडासात भिंतीला पक्का दांडा, वर ठेवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची, दरवाजा बाहेर उघडणारा केला, म्हणजे आत कुणी पडलं तर ढकलताना अडत नाही. गुळगुळीत फरशी काढून खडबडीत कोबा. एक दिवा. सगळं मिळून चौदा हजारांच्या आसपास. माझ्या पगारातून झालं. पण जिचं घर श्रावणबाळच्या १५०० रुपयांवर चालतं, तिने किती महिने उपाशी राहून ते करायचं?

कुणी म्हणेल, सरकार आता म्हाताऱ्यांच्या संडासातले दांडेही बसवणार का? हो, बसवावेत. जपानमध्ये २००० सालापासून शुश्रूषा विमा आहे. त्यातून घरात कठडा लावणं, उंबरे-पायऱ्या काढणं, न घसरणारी फरशी, उकिडव्या संडासाचा बैठा संडास करणं यासाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरला जातो आणि वृद्धाला त्यातला थोडा हिस्साच भरावा लागतो. मोडलेल्या खुब्यापेक्षा दांडा स्वस्त पडतो, हा साधा हिशेब. आणि जपान राहू द्या, आपल्या संविधानाचं कलम ४१ वाचा. म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यात सार्वजनिक साहाय्य, असं तिथे स्पष्ट आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात दाद मागता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती मागणी चळवळीची आहे.

दरम्यान गावातच काही दारं आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. अर्धांगवायू झालेले, पाय गेलेले, नजर गेलेले आपले कितीतरी म्हातारे ४० टक्क्यांच्या वर दिव्यांग आहेत, पण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. 'वयामुळे होतंच' म्हणून कुणी काढलेलं नाही. १५ टक्क्यांतून आपण काय मागतो? समाजमंदिराची फरशी, कमान, स्पीकर. कमानीला माझा विरोध नाही. पण त्या कमानीखालून कोण जाऊ शकत नाही, तेही मोजलं पाहिजे.

आमच्या वस्तीत एक काका आहेत. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, त्यात ते विशीत चालले. आज त्यांना स्वतःच्या घराची पायरी उतरायला नातवाचा खांदा लागतो. जयंतीला त्यांचा सत्कार करायचा म्हणून पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. टाळ्या वाजल्या. नंतर परत उचलून नेलं.

या वेळी आम्ही वस्तीतल्या साठीपुढच्या एकतीस माणसांची घरं फिरून यादी केली. पायरी किती इंच, संडास किती पावलांवर, दरवाजा किती रुंद, रात्री दिवा आहे का, पूर्वी कोण कुठे पडलं. नमुना ८ कुणाच्या नावावर आहे तेही लिहिलं, कारण गायरानावरच्या नऊ घरांना तोच अडसर येणार. गवंडीकाकांनी घरागणिक अंदाज काढून दिला. बहुतेक घरांचं काम माझ्या आजीच्या घरापेक्षा कमी खर्चात बसतं. यादीसकट अर्ज ग्रामसेवकांना दिला, पोच घेतली. १५ टक्के निधीतून पहिली दहा घरं, असा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. सरपंच म्हणाले, "आधी गटाराचं बघू." काका म्हणाले, ग्रामसभेला मला उचलून न्या, मी बोलतो.

यादीचा कोरा तक्ता ज्यांना आपल्या वस्तीसाठी हवा असेल, त्यांनी मागावा. एका वहीच्या पानावर मावतो.