म्हणजे काय आहे, की...

चर्चगेटहून विरार सुमारे साठ किलोमीटर. १८६७ सालच्या १२ एप्रिलला मुंबईची पहिली लोकल धावली ती याच विरारहून बॅकबेला. तेव्हापासून या मार्गावर रुळांच्या खडखडाटाइतकीच माणसांची बडबडही अखंड चालू असावी. सकाळी सारे जग मुंबईकडे लोटते तेव्हा मी उलट दिशेने विरारला मराठी शिकवायला जातो. त्यामुळे बसायला जागा मिळते आणि कान मोकळे राहतात.

हे मोकळे कानच माझे वैरी. आमच्या डब्यातले एक गृहस्थ प्रत्येक वाक्य ‘म्हणजे काय आहे, की’ने सुरू करतात. त्यांचे स्नेही ते ‘समजलं ना?’ने संपवतात. तिसरे विचारतात, “ते हे आणलंत का, ह्याच्याकडून?” आणि समोरचा खुशाल “आणलं” म्हणतो! खिडकीतल्या तरुणाचे तर ‘ॲक्च्युअली’वाचून पानही हलत नाही. वसईची खाडी येईपर्यंत माझ्या डायरीचे शेवटचे पान या पालुपदांच्या हिशेबाने भरून जाई.

हिशेबाची ही खोड मी वर्गातही नेली. गेल्या वर्षी एक हुशार विद्यार्थिनी कवितेवर बोलायला उठली. “म्हणजे सर, कवीला म्हणजे...” मी खडू घेतला आणि दर ‘म्हणजे’ला फळ्यावर एक रेघ ओढली. नऊ रेघा झाल्या. वर्ग खदखदून हसला. मुलगी खाली बसली, ती पुढे दोन महिने तोंड उघडेना. मी मात्र भाषाशुद्धीचे कार्य केल्याच्या समाधानात होतो.

दिवाळीच्या तोंडावर सुकेळी घ्यायला आगाशीला गेलो. उन्हात सुकवलेल्या राजेळी केळ्यांचा हा मेवा आमच्या घरी फार प्रिय. विरार स्टेशनवरून बस बोळिंजमार्गे जाते, तशा इमारती विरळ होतात आणि वाड्या दिसू लागतात. तिथल्याच एका वाडीत ओळखीचा आवाज ऐकू आला. तीच मुलगी आजीशी वाडवळीत बोलत होती. पाटाचे पाणी केळीच्या आळ्यांतून धावावे तसे बोलणे! कुठे अडणे नाही, चाचपडणे नाही, आणि एकही ‘म्हणजे’ नाही.

मला पाहताच ती गप्प झाली. मग म्हणाली, “सर, म्हणजे, आजी विचारतेय, चहा घेणार का?”

चहा घेता घेता मी तिला त्या दिवसाबद्दल विचारले. ती मान खाली घालून म्हणाली, “घरी आम्ही वाडवळी बोलतो, सर. तुमच्या मराठीत यायला, म्हणजे, जरा वेळ लागतो.”

परतीच्या गाडीत सुकेळ्यांचा पुडा मांडीवर होता, पण गोडी गेली होती. एका भाषेतून दुसरीत जाताना ती पोर ज्या साकवावर पाऊल टेकत होती, तोच मी काढून घेतला होता. आणि मी मराठीचा एम. ए.! काही निपात केवळ चरण भरण्यासाठी येतात, हे यास्काने निरुक्तात केव्हाच नोंदवून ठेवले आहे. ज्ञानेश्वरांच्या ओवीतही ‘पैं’, ‘गा’, ‘जी’ जागोजाग भेटतात. ते मी वर्गात कौतुकाने दाखवतो. २००२ साली दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तर असे मांडले, की इंग्रज माणसाचे अडखळतानाचे हुंकारही अर्थपूर्ण असतात. ‘थांबा, माझे बोलणे संपलेले नाही,’ असे ते ऐकणाऱ्याला सांगतात.

याचा अर्थ सगळीच पालुपदे क्षम्य, असे नव्हे. शब्द शोधणाऱ्याचे पालुपद वेगळे आणि ऐकणाऱ्याला खुंटीला बांधून ठेवणाऱ्याचे वेगळे. पहिल्याला वेळ द्यावा. दुसऱ्याला खुशाल टोकावे.

हा दुसरा इसम कोण, ते सुट्टीनंतर कळले. भर वर्गात मी त्या मुलीची क्षमा मागितली आणि तिच्या हाती खडू दिला. “आता माझे मोज.” तिने मोजले. माझ्या तोंडी एकच पालुपद निघाले, ‘लक्षात आलं ना?’ बघता बघता सत्तावीस रेघा झाल्या.

“पुरे ना आता?” मी ओशाळून विचारले.

ती पहिल्यांदाच हसली. “म्हणजे, सर, तास अजून संपला नाही.”