काचतंतूंची दीर्घायू नौका

अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात उभे राहून छताकडे पाहिले, की दगडात कोरलेल्या फासळ्यांची ओळ दृष्टीस पडते. त्या फासळ्या छताचा कसलाही भार वाहत नाहीत. तरीही शिल्पींनी त्या एवढ्या निष्ठेने कोरल्या, कारण त्यांच्या पूर्वजांची चैत्यगृहे लाकडाची होती, आणि नवा पदार्थ हाती आला तरी जुन्या पदार्थाने हाताला लावलेले वळण सुटले नव्हते. कारागिरीच्या इतिहासात असे संधिकाल विरळाच येतात, आणि अशा वेळी जन्मलेल्या वस्तूंविषयी मला नेहमीच विशेष ममत्व वाटत आले आहे. असाच एक संधिकाल १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानातील ब्रिस्टल या बंदरगावी आला, आणि त्यातून 'ट्रायटन' ही शिडाची नौका जन्मास आली.

क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन हे दोघे चुलतभाऊ. महायुद्धाच्या काळात पुढे आलेले काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांचा संयोग घडवून त्यांनी एका गॅरेजात लहान होड्या बनवण्याचा उद्योग आरंभला होता. कुटुंबाला चार दिवस पाण्यावर राहता येईल अशी, आणि तरीही मध्यम प्राप्तीच्या गृहस्थाला परवडेल अशी नौका त्यांनी करावी, ही सूचना पुढे आली, तेव्हा आराखड्याचे काम कार्ल आल्बर्ग यांच्याकडे गेले. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात पहिली ट्रायटन मांडली गेली. किंमत १०,००० डॉलरच्या आत होती, आणि प्रदर्शन आटोपेपर्यंत १७ नौकांची मागणी नोंदली गेली. लवकरच या भावांनी ब्रिस्टलमधला हेरेशॉफ यांचा जुना कारखाना ताब्यात घेतला. ज्या आवारात अमेरिका चषकाच्या शर्यती जिंकणाऱ्या भव्य नौका बांधल्या गेल्या होत्या, तेथेच आता सामान्य माणसाच्या सुट्टीसाठी नौका तयार होऊ लागल्या.

आल्बर्ग मूळचे स्वीडनमधील गोथेनबर्गचे. उत्तरेच्या खवळलेल्या समुद्राला तोंड देणाऱ्या, अरुंद आणि खोल बांध्याच्या लाकडी होड्यांची परंपरा त्यांच्या रेषेत मुरलेली होती, आणि नवा पदार्थ कोणताही आकार मुकाट्याने स्वीकारतो हे ठाऊक असूनही त्यांनी तिच्याशी इमान राखले. ट्रायटनची एकूण लांबी सुमारे २८ फूट ६ इंच, रुंदी ८ फूट ३ इंच, आणि ती पाण्यात बुडते अवघी ४ फूट. पण शांत पाण्यात तिची पाण्याला टेकलेली लांबी जेमतेम २० फूट ६ इंच भरते. पुढे नाळ आणि मागे पिछाडी, दोन्ही पाण्यावर झुकून राहतात. वारा भरून नौका कलली, की हे झुकलेले भाग पाण्यात उतरतात, तिची जललांबी वाढते, आणि जललांबीबरोबर वेगाची मर्यादाही वाढते. तळाला लांबलचक कणा, त्याच्या मागील कडेलाच जोडलेले सुकाणू, आणि नौका उलटू नये म्हणून तळाशी ठेवलेले सुमारे ३,००० पौंडांचे शिशाचे वजन, म्हणजे नीरम. अशी नौका बंदरात वळवताना जडपणा दाखवते खरी, पण उघड्या समुद्रात धरलेली दिशा सहसा सोडत नाही.

तिची घडण पाहण्यासारखी असे. प्रथम लाकडाची पूर्णाकृती प्रतिमा करून ती आरशासारखी गुळगुळीत होईपर्यंत घासायची, आणि तिच्यावरून साचा काढायचा. साच्याच्या पोटाला मेण चोळून त्यावर रंगीत लेप द्यायचा. हा लेप पुढे नौकेची बाहेरची त्वचा होतो. तो किंचित आळला, की काचतंतूंचे पट आणि जाड विणीचे कापड एकाआड एक पसरून राळेने भिजवत जायचे, आणि रुळांनी दाबून आतली हवा काढायची. राळेत उत्प्रेरक मिसळताच काम पुरे करण्याची मुदत सुरू होते. दिरंगाई झाली तर राळ बादलीतच घट्ट होते, आणि घाई झाली तर थरांत पोकळी राहते. यंत्रयुगातील ही निर्मिती अशी अखेर माणसाच्या मनगटावर आणि सबुरीवर विसंबून होती. पुढील आठ-नऊ वर्षांत ७०० हून अधिक ट्रायटन बाहेर पडल्या.

या नौकांचे कवच किती जाड असावे, याचा अनुभवसिद्ध दाखला तेव्हा कोणापाशीच नव्हता. काचतंतूंची नौका चाळीस वर्षे लाटांचे तडाखे खाऊन कशी राहते, हे सांगायला चाळीस वर्षांची नौकाच अस्तित्वात नव्हती. अशा वेळी हिशेबी माणूस किमान मापावर मंजुरीची सही करतो. या मंडळींनी मात्र थरावर थर चढवून घसघशीत तरतूद केली. त्या सावधगिरीचे फळ त्यांच्या कल्पनेपलीकडचे निघाले. जेम्स बाल्डविन यांनी 'ॲटम' नावाच्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी आखलेल्या नौकेला याहून मोठी सनद कोणती हवी?

तिच्यात दोष नाही असे मात्र नाही. डेक हलके राहावे म्हणून काचतंतूंच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्साचे लाकूड घातलेले असते. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले, की ते आतल्या आत कुजते, आणि वरचा पापुद्रा कापून नवा गाभा बसवावा लागतो. कवच मात्र कुजत नाही, आणि यातच एक वेगळी जबाबदारी दडलेली आहे. लाकडी होडी बेवारस झाली तर कालांतराने मातीला मिळते. काचतंतूंची नौका मालकाने टाकली तरी गोदीच्या आवारात तशीच पडून राहते, आणि तिची विल्हेवाट लावणे गावाला जड जाते. टिकाऊ वस्तूला वारस लागतो, आणि तो न मिळाल्यास तिचा टिकाऊपणाच ओझे होऊन बसतो.

म्हणून, सागराची ओढ असलेल्या आपल्यापैकी ज्या कोणाचे वास्तव्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: नव्या नौकेचा सौदा ठरवण्यापूर्वी एखाद्या जुन्या गोदीत जावे, आणि तेथे ट्रायटन आढळली तर तिच्या डेकवर ठिकठिकाणी ठोकून पाहावे. आवाज बद येईल तेथे आतले लाकूड बदलावे लागेल. खणखणीत येईल तेथे काम चोख आहे. बहुतेक वेळा सौदा करण्याजोगा असतो.