दुसऱ्या खुर्चीतले काका

माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. एकीत रुग्ण बसतो, दुसरीत त्याला घेऊन आलेले माणूस. उलव्यातल्या माझ्या दवाखान्यात एक जोडपे सहा वर्षे दरमहा याच क्रमाने बसत आले. काकू रुग्णाच्या खुर्चीत आणि काका, मांडीवर फाइल धरून, दुसरीत.

काका पंचाहत्तरीचे, मुंबई बंदरातल्या कर्मशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सारा संसार शिवडीच्या चाळीत झाला. उलव्यात सदनिका घेतली ती २०१८ च्या अखेरीस, नेरूळहून खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली त्या सुमारास. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तोही शिवडीहून निघून आमच्या बाजूला उतरणारा. काका हसत म्हणतात, "पूल आमच्या जुन्या घरापासून नव्या घरापर्यंत बांधला, पण मोटार नसलेल्यांनी बामणडोंगरीहून नेरूळला जाऊन गाडीच बदलायची!" मुलगी नाशिकला, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलगा अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला. तिथल्या आणि आपल्या वेळेत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून काकांनी भिंतीवर दुसरे घड्याळ लावले आहे आणि वर्षातून दोनदा स्टुलावर चढून ते त्याचे काटे फिरवतात.

काकूंचा मधुमेह वीस वर्षांचा. डोळ्यांचा पडदा बिघडल्याने त्यांना आकडे वाचता येत नाहीत. इन्सुलिन काका देत. तीन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे सहा वर्षांचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. अशा माणसाकडे आम्ही डॉक्टर कौतुकाने पाहतो आणि तिथेच थांबतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी काका निघण्यासाठी उठले आणि टेबलाची कड धरून क्षणभर उभे राहिले. मी ते पाहूनही पुढच्या रुग्णाला हाक मारणार होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकून काकूच बोलल्या.

"डॉक्टर, हे परवा रात्री न्हाणीघराच्या दारात पडले. कुणाला सांगू नकोस म्हणालेत. मुलांनाही कळवलेलं नाही."

काका संतापले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला दाखल करून घेतलं, तर हिचं इन्सुलिन कोण देणार?"

सहा वर्षांत मी त्यांच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी एकदाही बांधली नव्हती. त्यांना पाच मिनिटे आडवे निजवून मोजले, तेव्हा वरचा आकडा १४२ होता. उभे करून तिसऱ्या मिनिटाला मोजले, तर ११२. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, किंवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर मेंदूला रक्त कमी पडून तोल जाऊ शकतो. बसवून घेतलेल्या एका मोजणीत हे दिसत नाही. मुलाने पाठवलेल्या मनगटी घड्याळातही ते दिसले नव्हते. काका पडले तेव्हा ते चार्जिंगला लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी घरातली सगळी औषधे पिशवीत भरून आणायला सांगितले. परळच्या एका डॉक्टरांनी कधीकाळी लिहिलेली रक्तदाबाची गोळी त्यात होती. नंतर दुसरीकडे लिहून मिळालेली आणखी एक होती. नावे दोन, औषध एकच! काका दोन्ही घेत होते. शिवाय प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची कॅप्सूल, जिच्यानेही उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो. रात्री चार वेळा उठावे लागत होते आणि तपासणी दोन वर्षे टाळलेली, कारण तेच, इन्सुलिन.

मी एक गोळी बंद केली. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, दिवा लावायचा, मगच उभे राहायचे, असे बजावले. (वाचकांनी अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.) पण खरा प्रश्न औषधाचा नव्हता. काकांना चार दिवस रुग्णालयात राहता येईल, अशी व्यवस्था हवी होती.

ती काकूंनीच केली. इन्सुलिन पेनची कळ फिरवताना प्रत्येक मात्रेला 'टक्' असा आवाज होतो. त्या आवाज मोजायला शिकल्या. नुसत्या कानावर विसंबणे धोक्याचे, म्हणून शेजारची बारावीतली मुलगी सकाळ-संध्याकाळ येऊन आकडा पाहू लागली. पहिल्या दिवशी माझ्यासमोर काकूंनी सुई टोचून घेतली तेव्हा काका तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. वीस वर्षे चालवलेले काम हातातून जाताना माणसाला नुसती सुटका वाटत नसावी.

ऑक्टोबरात प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. मुलगी दोन दिवसांसाठी आली, मुलगा रोज फोनवर होता. रुग्णालयातून काका दिवसातून तीनदा घरी फोन करीत आणि काकू साखरेचा आकडा सांगून, "आता झोपा," म्हणत.

नोव्हेंबरात ती दोघे आली. अमेरिकेतली वेळ बदलली होती. स्टूल काकूंनी शेजारी देऊन टाकला होता आणि घड्याळाचे काटे त्या मुलीने फिरवले होते. "एक मिनिट पुढेच लावलंय तिने," काका कुरकुरले. मी त्यांना पहिल्या खुर्चीत बसवले आणि बाही वर करायला सांगितली.