भिंतीआडची वायर

गेल्या रमजानमधली ती पहाट आम्ही विसरणार नाही. घाटकोपरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये आम्ही सहा माणसे. सेहरीची घाई चालली होती. आतल्या खोलीत अम्मीसाठी एसी, बाथरूममध्ये गिझर आणि ओट्यावर गॅसच्या जोडीला इंडक्शन, सगळे एकदम चालू. धाकट्या बहिणीला जळका वास आला. सगळे आधी तव्याकडे धावले, पण पराठा ठीक होता. वास भिंतीतून येत होता. अब्बांनी बोर्डावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. मेन बंद केला. उरलेली सेहरी मोबाइलच्या टॉर्चमध्ये झाली.

चूक आमचीच होती, म्हणून सांगतो. अम्मीला दमा आहे. आदल्या उन्हाळ्यात तिच्यासाठी दीड टनाचा एसी घेतला. एसीची चौकशी आम्ही चार दुकानांत केली, पण तो कोणत्या वायरवर चालणार हे कुणालाच विचारले नाही. एसी आल्यापासून एमसीबी सारखी पडायची. बोलावलेल्या कारागिराने १६ अँपिअरची काढून ३२ अँपिअरची बसवून दिली. एमसीबी पडायची थांबली. आम्ही त्याला चहा पाजला, दुआ दिली आणि विसरून गेलो.

त्या दिवशी दुपारी मुलुंडहून मामू आले. अम्मीचे हे चुलतभाऊ तीस वर्षे कारखान्यात वायरमन होते. त्यांनी बोर्ड उघडला आणि आतली वायर नखाने खरवडली. वरचे प्लास्टिक तपकिरी होऊन बिस्किटासारखे तुटत होते.

"दुल्हेभाई, ही एमसीबी तुमच्यासाठी नसते, वायरसाठी असते," मामू म्हणाले. "वायर झेपेल त्याहून जास्त करंट ओढू लागली, की एमसीबीने पडायचे. ती पडत होती म्हणजे इमानाने काम करत होती. तुम्ही तिचे तोंड बंद केलेत."

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एसी साधारण १५०० वॉट, गिझर २०००, इंडक्शन २०००. एकूण ५५०० वॉट. २३० व्होल्टने भागले की जवळजवळ २४ अँपिअर. आणि हे सगळे एकाच दीडच्या वायरवर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्यावर. पाइपातून नेलेल्या अशा वायरने साधारण १४ अँपिअर वाहावेत. ३२ ची एमसीबी २४ अँपिअरवर पडणारच नाही. ती शांत राहिली आणि भिंतीत वायर भाजत राहिली.

ईदनंतर घराला रंग द्यायचा होता. रंग पुढे ढकलून आम्ही वायरिंग नवे करायचे ठरवले. मामूंबरोबर लोकल पकडून लोहार चाळीत गेलो. दुकानात ते ब्रँडच्या आधी विचारत होते, वायर कुठे जाणार आणि तिच्यावर ओझे किती. लाइट-पंख्याला दीडची, तिला १० ची एमसीबी. मिक्सर-फ्रिजसारख्या मोठ्या प्लगला अडीचची, तिला १६ ची. एसी, गिझर आणि इंडक्शनला प्रत्येकी वेगळी चारची, तिला २० ची. मीटरपासून घरात येणारी मुख्य वायर घराचे एकूण ओझे पाहून, आमच्याकडे दहाची. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक प्लगपर्यंत. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, कारण शॉक लागला तर माणसाला वाचवणारी ती. एमसीबीचे ते काम नव्हे.

दुकानदाराने स्वस्तातले एक बंडल पुढे केले. मामूंनी त्यावर आयएसआय खूण आणि तिच्याखालचा सीएम/एल क्रमांक शोधला. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळते. त्या बंडलावर क्रमांकच नव्हता. ते तिथेच राहिले.

मग प्रश्न आला वायरच्या आवरणाचा, आणि इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. साधे आवरण पीव्हीसीचे असते. त्यात क्लोरीन असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल होते. एफआर लिहिलेल्या वायरवर आग लवकर पसरत नाही. एफआरएलएस वायरीचा धूर आणि आम्लवायू कमी. हॅलोजन-फ्री वायरीत क्लोरीनच नसते, पण ती महाग. अब्बा म्हणाले, एफआर पुरे. मामूंनी अम्मीकडे बोट दाखवले. "आग लागली तर आपण पळू. आपा तीन मजले धुरातून उतरतील का?"

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या उन्नतनगरमधल्या बहुमजली इमारतीला आग लागली, त्यात अनेक जीव गेले. टीव्हीवर ते काळे पडलेले जिने आम्ही सर्वांनी पाहिले होते. आमच्याही इमारतीला जिना एकच. आम्ही हॅलोजन-फ्री घेतली. हॉलचा रंग अजून जुनाच आहे.

जाता जाता मामूंनी सोसायटीचा पंपही पाहिला. पंपापर्यंत घरातलीच वायर मातीखालून नेली होती. जमिनीखाली पोलादी कवचाची आर्मर्ड केबल हवी, असे त्यांनी सेक्रेटरींना सांगितले. गच्चीवर वलिमा-बारशाला तात्पुरती लाइट ओढतात, तिथेही टेप गुंडाळलेले तुकडे नकोत. जाड आवरणाची अखंड लवचीक केबल हवी.

आमच्या इमारतीतली बहुतेक घरे आमच्याच वयाची, त्यांतल्या वायरीही. एसी, गिझर मात्र नवे. तुमच्याकडेही तसेच असेल, तर एवढे करा: एमसीबीवरचा आकडा पाहा आणि तिच्यातून निघणारी वायर किती जाडीची आहे ते जाणकाराकडून तपासून घ्या. एमसीबी वारंवार पडत असेल तर मोठी बसवू नका. ती का पडते ते शोधा.

यंदाच्या रमजानमध्येही सेहरीला आमचा एसी, गिझर, इंडक्शन सगळे चालू असते. अब्बा रोज उठल्यावर आधी बोर्डावर हात ठेवतात. बोर्ड थंड असतो. मग ते अम्मीला उठवतात.