स्कॅनर आले, नोंद कोण करणार?

चळवळीच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून एखादी पीडीएफ फिरत येते. कधी ‘मूकनायक’चा अंक, कधी ‘जनता’चे सुटे पान, कधी एखाद्या जुन्या परिषदेचा अहवाल. खाली धडाधड ‘जयभीम’ पडतात, पीडीएफ पुढे जाते. ती कोणत्या ग्रंथालयातल्या प्रतीवरून केली, अंक नेमका कोणत्या तारखेचा, मधली दोन पाने का गायब आहेत, मूळ प्रत आज कुठे आहे, हे मात्र कुठेही लिहिलेले नसते. आम्ही काही कार्यकर्ते बरीच वर्षे जुनी नियतकालिके आणि दफ्तरे शोधत ग्रंथालयांच्या व अभिलेखागारांच्या पायऱ्या झिजवतो आहोत. या कामातून आमचे एक मत पक्के झाले आहे. नवी यंत्रे येत आहेत, त्यांचे स्वागतच आहे. पण यंत्राचे नाव पुढे करून माणसाची जागा रद्द होत असेल, तर त्यात पहिले नुकसान आपले आहे.

काही मित्र विचारतात, अत्याचाराच्या प्रकरणांतून आणि शिष्यवृत्तीच्या लढ्यांतून वेळ मिळत नाही, तिथे हे कागदांचे काय घेऊन बसलात? मित्रांनो, हे कागद संशोधकांची चैन नाहीत. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, गावचे एखादे जुने पत्रक असे काहीतरी लागते. त्यातले बरेचसे मोडीत आहे आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाठोड्यात बांधलेले आहे. महार वतनाच्या जमिनींचेही तेच. वतने १९५८ च्या कायद्याने संपली, पण कोणती जमीन कोणाची होती आणि ती परक्याच्या नावावर कशी गेली, हे सांगणारा कागद त्याच गाठोड्यात आहे. तो वाचणारा माणूस नसेल, तर हक्क कायद्यात असूनही हातात येत नाही.

आता यंत्रांविषयी. छापील पानाचे छायाचित्र घेऊन त्यातली अक्षरे ओळखणारी सोय मराठीसाठी आज फुकट मिळते. ‘टेसरॅक्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचते. हस्तलिखितांसाठी ‘ट्रान्सक्राइबस’सारखी साधने आहेत. नमुन्याची पाने दिली की ती एखाद्याचे हस्ताक्षर शिकतात. चांगला मोबाइल आणि खिडकीतला उजेड एवढ्यावर पानाची स्वच्छ प्रतिमा निघते. पूर्वी एखादा लेख शोधायला वर्षभराचे अंक चाळावे लागत, आता शोधपेटीत शब्द टाकायचा. ही सोय आपल्या मुलांच्या हातात आली पाहिजे, यात वाद नाही.

पण आम्ही जुन्या अंकांची पाने या साधनांतून काढून पाहिली, तेव्हा काय दिसले तेही सांगितले पाहिजे. खिळे झिजलेले, शाई पसरलेली, कागद पिवळा. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘ब’ आणि ‘व’ यांत यंत्राचा गोंधळ होतो. ‘भीमराव’चे ‘मीमराव’ झाले, ‘धर्मांतर’चे ‘घर्मांतर’, ‘बहिष्कृत’चे ‘वहिष्कृत’. मग शोधपेटीत ‘धर्मांतर’ टाकल्यावर उत्तर येते की काही सापडले नाही. वाचणाऱ्याला वाटते, या अंकात त्या विषयावर काही नव्हतेच.

दुसरी अडचण लेखनाची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे मराठी अनुस्वारांनी भरलेले आहे. तेव्हा ‘नाहीं’ लिहीत, ‘त्यांनीं’ लिहीत, ‘गांवांत’ लिहीत. आजच्या लेखनाने शोधले तर जुना शब्द हाती लागतोच असे नाही. शिवाय ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन शब्द वाटतात. या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. मात्र त्या सोडवायला जुने मराठी जाणणारा, चळवळीचा इतिहास ठाऊक असलेला आणि संगणकाशी ओळख असलेला माणूस टेबलापाशी बसावा लागतो, आणि तोही सहा महिन्यांसाठी नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अक्षर ओळखण्यावर थांबत नाहीत. कसर लागून वाक्याचा तुकडा गेला असेल, तर ती अंदाजाने तिथे शब्द बसवू शकतात. वाक्य सुबक होते, पण ते लिहिणाऱ्याचे राहत नाही. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये आजही फ्लेक्सवर आणि स्टेटसवर झळकतात. उद्या अशी वाक्ये ‘मूळ अंकातून’ म्हणून संग्रहातच शिरली, तर ती उपटून काढणे कठीण होईल. जिथे पान फाटले आहे तिथे ‘येथे पान फाटले आहे’ असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा शेवटी माणसालाच दाखवावा लागतो.

आणि नोंद कोण करतो यावर आणखीही काही ठरते. जुन्या सूच्यांत आपली पुस्तके ‘अस्पृश्योद्धार’, ‘हरिजन’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’ अशा मथळ्यांखाली विखुरलेली सापडतात. ‘हरिजन’ या शब्दाला बाबासाहेबांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत विरोध करून सभात्याग केला होता. तो शब्द सूचीत अजून ठाण मांडून आहे. ‘दलित’, ‘बौद्ध’, ‘आंबेडकरी’ असे शब्द टाकून शोधणाऱ्या मुलीला ते पुस्तक दिसत नाही. जुनी सूची जशीच्या तशी संगणकात चढवली की तिच्यातली जातही संगणकात चढते. जुना मथळा इतिहासाचा पुरावा म्हणून ठेवावा आणि त्याच्या शेजारी आजचा शब्द जोडावा, हे सूचीकाराचे काम आहे. ते विचारपूर्वक करावे लागते, आणि त्यासाठी त्या खुर्चीवर आपली माणसेही असावी लागतात.

आता त्या खुर्च्यांकडे पाहू. ग्रंथपाल निवृत्त होतो, जागा भरली जात नाही. मोडी वाचणारा जुना कर्मचारी जातो, त्याच्यासोबत दफ्तरांची ओळखही जाते. एका जुन्या ग्रंथालयात आम्हाला सांगण्यात आले की अंक आहेत, पण ते कोणत्या कपाटात आहेत हे ठाऊक असलेले गृहस्थ निवृत्त झाले. मग डिजिटायझेशनची निविदा निघते. दर पानामागे ठरतो, त्यामुळे कंत्राटी मुलगा दिवसभरात जास्तीत जास्त पाने उलटतो. घडी पडलेले पान तसेच छापले जाते, पुरवणी निसटते, तारीख चुकते. दोष त्या मुलाचा नाही. त्याला तुटपुंजा पगार मिळतो, प्रशिक्षण मिळत नाही, आणि काम संपले की तो घरी जातो. यंत्राची खरेदी एकदा होते आणि तिचे उद्घाटन करता येते. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, त्याची फीत कापता येत नाही. म्हणून यंत्राला पैसे मिळतात आणि माणसाला मिळत नाहीत.

आपल्या दृष्टीने यातला मुख्य मुद्दा बिंदुनामावलीचा आहे. मंजूर पद असेल तर त्याला आरक्षण लागू होते. तेच काम बाह्य यंत्रणेकडून, पानामागे दर ठरवून करून घेतले की पदच उरत नाही आणि आरक्षणाचा प्रश्नही निकालात निघतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. तरुणांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांच्याबाबत मात्र असा संताप दिसत नाही, कारण तिथे किती पदे रिकामी आहेत हे आपण विचारतच नाही.

पैसा नाही, माणसे मिळत नाहीत, मोडी कोणाला येत नाही, ही उत्तरे आम्ही खूप ऐकली आहेत. ती खरी नाहीत हे सरकारनेच दाखवून दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत रेकॉर्ड रूम उघडल्या, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणले, कागद स्कॅन झाले, नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. ते झाले याबद्दल आमची तक्रार नाही. कोणाच्याही नोंदी सापडल्या तर चांगलेच. आमचा प्रश्न एवढाच आहे की, इच्छा असली की काही आठवड्यांत जी यंत्रणा उभी राहते, ती वतनाच्या कागदांसाठी का राहत नाही? आमच्या आजोबांच्या शाळेच्या नोंदींसाठी का राहत नाही?

याच्या उलट अनुभव बाबासाहेबांच्या ग्रंथांबाबत आला. त्यांचे लेखन आणि भाषणे प्रसिद्ध करण्याचा राज्य सरकारचा प्रकल्प रखडल्याच्या बातमीची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. या ग्रंथांना मागणी नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी पाहावी.

‘समाजाने स्वतःच करावे’ असेही एक मत आहे. समाजाने केलेच आहे. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद जमवून बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडाने उभे केले. वसंत मून यांनी कागद मिळवले, लावले, संपादित केले. पण एक गोष्ट विसरू नये. १९७९ पासून जे खंड निघाले ते मून यांच्या तळमळीमुळे निघाले, तसेच सरकारने त्यांना त्या कामासाठी विशेष कार्यकारी अधिकारी म्हणून नेमले म्हणूनही निघाले. तळमळीला पद, पगार आणि टेबल मिळाले, तेव्हा ते काम घरोघर पोचले. नुसत्या त्यागावर संग्रह टिकत नाही. कार्यकर्ता गेला की त्याच्या घरातली ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते, हे आपण किती वस्त्यांत पाहिले आहे!

सगळे ऑनलाइन असले म्हणजे निश्चिंत, असेही कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती. इंडिया ऑफिसची दफ्तरे तिथे आहेत, म्हणजे आपल्या लढ्याविषयीचे बरेच वसाहतकालीन कागदही तिथेच. एवढ्या बलाढ्य संस्थेची ही गत होते, तर एका हार्ड डिस्कवर सगळा संग्रह ठेवणाऱ्या आपल्या संस्थांची काय कथा!

बाबासाहेबांना पुस्तकांचा ध्यास होता, हे आपण जयंतीला सांगतो. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचे सामान आणि पुस्तके असलेले जहाज टॉर्पेडोने बुडाले, तरी त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरला ‘राजगृह’ बांधले. त्यांच्या अनुयायांनी ग्रंथालयाच्या रिक्त पदांविषयी गप्प बसणे बरे दिसत नाही.

म्हणून कामाचे बोलू. माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या जिल्ह्यातील शासकीय ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि रेकॉर्ड रूम यांतली मंजूर पदे, भरलेली पदे आणि कंत्राटी माणसे किती, हे विचारा. डिजिटायझेशनच्या प्रत्येक निविदेत तपासणीचे काम आणि त्यासाठी कायम पद असावे, ही मागणी लावून धरा. आपल्या मुलामुलींना स्पर्धा परीक्षेच्या रांगेसोबत ग्रंथालयशास्त्र, अभिलेखशास्त्र आणि मोडी यांकडेही वळवा. आणि पुढची पीडीएफ पाठवण्याआधी तिच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: नाव, तारीख, मूळ प्रत कुठे आहे, कोणती पाने नाहीत. हे काम आजपासून करता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

जयभीम!